मासळीच्या बर्फातलं बोट

शेजारी घर उठतंय. सकाळी मशीनवर फणसाचं लाकूड कापलं, त्या भुश्याचा गोडूस वास आला आणि माझं नसलेलं बोट खाजायला लागलं. जे बोट जागेवर न्हाय, ते खाजतं कसं, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

बोट गेलं तेव्हा दिवेआगरला पर्यटकांच्या खोल्यांचं सुतारकाम घेतलं होतं. फळी कापताना मशीनच्या पात्याने डाव्या हाताचं बोट नेलं. दुखलंच नाही. पिवळ्या भुश्यात बोट पडलेलं, नखाशी पेन्सिलीचा डाग. मी आपला बघत राहिलो, हे कुणाचं?

"बघतोस काय दादा, हात वर धर!" जोडीदार बाळू ओरडला.

मासळी विकणारी यमुनाबाई दारातच होती. तिने डब्यातले बांगडे सरळ अंगणात ओतले आणि बोट उचलून डब्यात उरलेल्या बर्फात खोल पुरलं. "ताजं राहील. जोडतील बघ."

मासळी तशीच टिकते, मग बोट का टिकू नये? आम्हा सगळ्यांना पटलं.

डबा घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "पिशवीत न घालता थेट बर्फात ठेवलंत? बर्फानेच खराब झालं. आता जोडता येणार नाही."

परतलो तर यमुनाबाई वाटेवर उभी. "काय रं, बर्फ कमी पडला काय?"

मी कुणाची भीड ठेवणारा माणूस न्हाय. पण म्हटलं, "बर्फ पुरला गो. रस्ता लांब पडला."

अजून ती दारात आली की माझा हात बघते, एक बांगडा जास्त टाकते आणि त्या रस्त्याला शिव्या घालते. मीही घालतो.