आज वहिनीला गोळी द्यायची का?

अर्धवट शिवलेल्या ब्लाऊजांपायी कॉलनीतल्या बायकांनी मला जितकं ऐकवलं तितकं माझ्या सासूबाईंनीही ऐकवलं नसेल, आणि सासूबाई काही मुक्या नाहीत. मी माहेरची धुळ्याची, जळगावला दिली, घरच्या घरी शिवणकाम करते. हात चांगला आहे, हे माझे शत्रूसुद्धा मान्य करतात. पण एका ब्लाऊजला बाह्या असत तर हुक नसत, दुसऱ्याला गळा असे तर पाठच कापायची राहिलेली असे. एक घेतलं की दुसरं खुणावायचं. दुसरं घेतलं की रस्त्यावरून भंगारवाला जायचा, आणि मी खिडकीत.

बरं, मी नुसती धांदरट असते तर लोकांनी सोडून दिलं असतं. पण मला टेप त्याच खिळ्याला लागते, कात्री उजव्याच खणात लागते, चहा त्याच कपात लागतो. आणि टेप त्या खिळ्यावरून हलवणारी कोण? मीच! मग ती सापडेपर्यंत घर डोक्यावर घेणारी कोण? तीही मीच. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नवऱ्याला हे कोडं सुटलं नव्हतं. तो बिचारा खिशात एक जादा टेप घेऊन फिरायचा.

कोडं सुटलं ते माझ्या नणंदेमुळे. ती माझ्याहून बरीच लहान, इथेच एका ऑफिसात नोकरीला. मोबाइलवर काय काय पाहायची आणि मग माझ्याकडे बघत बसायची. एक दिवस मला म्हणाली, "वहिनी, चल, एका डॉक्टरांना भेटू." मी म्हटलं, मी काय वेडी आहे? ती म्हणाली, "नाही. पण थकलेली आहेस." हे खरं होतं, म्हणून गेले.

मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ विचारलं, माहेरी फोन लावून माझ्या आईलाही विचारलं, आणि काही भेटींनंतर सांगितलं की मला दोन गोष्टी आहेत. एक ऑटिझम, म्हणजे मोठे आवाज सोसत नाहीत, सगळं जागच्या जागी लागतं, मनात येईल ते तोंडावर बोलते. आणि दुसरी, लक्ष एका जागी न टिकण्याची. मी विचारलं, "म्हणजे एका म्यानात दोन तलवारी?" त्या हसल्या. मला कळलं नाही यात हसायचं काय. मी विचारत होते.

त्यांनी गोळी लिहून दिली. नीट समजावलंही. ही गोळी ऑटिझमवर नाही, त्यावर गोळी नसते आणि त्याची गरजही नसते. ही भरकटणाऱ्या लक्षासाठी. ऑटिझम असलेल्या काहींना ती छान लागू पडते, काहींना चिडचिड होते, भूक मरते, झोप उडते. तुमच्यासारख्यांना त्रासही जरा जास्त होऊ शकतो, म्हणून अगदी थोडीपासून सुरुवात करू, वजन नि ब्लडप्रेशर बघत राहू. एवढं सगळं ऐकून सासूबाईंनी घरी आल्यावर एका शब्दात निकाल दिला. "उष्ण." आणि ताकाचा तांब्या माझ्यापुढे ठेवला.

गोळी लागू पडली त्या सकाळी मी मशीनवर बसले होते. हळूहळू माझ्या लक्षात आलं की मला मशीनचा आवाज येतोय. फक्त मशीनचा. एरवी त्याच्यात पंखा, कुकर, शेजारचा टीव्ही, माझ्या डोक्यातली गाणी आणि कालची भांडणं असा काला असायचा. मला रडू आलं. सांगायला लाज कशाची? मी मशीनवर मान टाकून रडले, आणि मग ब्लाऊज पूर्ण केलं. हुकांसकट.

पण देव एका हाताने देतो आणि दुसऱ्याने घेतो म्हणतात ना. पसारा घालणारी तलवार म्यानात गेली, तशी दुसरी बाहेर आली. आता ब्लाऊज पूर्ण व्हायचं, पण पाठीच्या दोन शिवणी एका रेषेत नाहीत म्हणून मी ते पुन्हा उसवायची. गिऱ्हाईक म्हणे, "अहो, साडीच्या पदराखाली कोण बघतंय?" मी म्हणे, "मी बघतेय." आधी ब्लाऊज अपुरं म्हणून मिळायचं नाही, आता पुरं झालं तरी मिळेना. मशीनवरून मला कधी कुणी उठवलं तर मी अशी अंगावर धावून जायची की नवरा दारातूनच "जेवण" म्हणायचा आणि पळायचा.

जेवणाचं तर विचारूच नका. गोळीचा अंमल असेपर्यंत मला भूकच लागेना. खान्देशात माणूस काहीही करो, त्याला माफी आहे. पण पुढ्यात शेवभाजी आली आणि त्याने ताट सरकवलं, तर सगळी गल्ली गोळा होते. सासूबाईंनी आधी मीठ-मोहरीने माझी नजर काढली. समोरच्या काकूंनी गोड बातमी आहे असं परस्पर पसरवलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गोळीच्या आधी भरपेट खा, आणि संध्याकाळी अंमल उतरला की पुन्हा खा. तेव्हापासून मी सकाळी सकाळी ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी खाऊ लागले आणि सासूबाईंचा जीव भांड्यात पडला.

एक गोष्ट मात्र त्यांना पटली नाही. आधी मी सतत बोलायची, सगळ्यांचं मधेच तोडून बोलायची. आता मी शेवटपर्यंत ऐकायला लागले. आमच्या घरात ही सवय कुणालाच नव्हती. सासूबाई दुपारी येऊन माझ्याजवळ बसायच्या, थोडं थांबायच्या आणि उठून जायच्या. एकदा म्हणाल्या, "घर सुनं सुनं लागस." मला वाईट वाटलं. पण माझं डोकं मला पहिल्यांदाच सुनं मिळालं होतं, ते मी का सोडू?

अशात नणंदेला शिरपूरचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, एकुलता, आई लहानपणीच गेलेली, आत्याने वाढवलेला. नात्यातले एक नाना मध्यस्थ होते. नणंदेने फोटो पाहिला, मुलाशी फोनवर बोलली, आणि माझ्याजवळ येऊन बसली. माझी टाचणीची डबी उघडबंद करत राहिली. याआधीची स्थळं तिने फोटो न बघता उडवली होती. हे तिला हवं होतं.

आता मुलगी दाखवताना वहिनी शेजारी हवीच. वहिनीने तिला घेऊन यायचं, वहिनीने पाहुण्यांना आग्रह करायचा, वहिनी नसली तर घरात काहीतरी भांडण आहे असं समजतात. म्हणून आदल्या दिवशी घरात माझ्यावर मतदान झालं. मी तिथेच बसून मटार सोलत होते.

सासरे, म्हणजे आबा, म्हणाले, "गोळी नको. पाहुण्यांसमोर सून दोन घास खाताना दिसली पाहिजे. ती जेवत नाही म्हटल्यावर ते जेवतील का?"

सासूबाई म्हणाल्या, "आणि तोंड उघडलं तर? मागच्या लग्नात नवरदेवाच्या मामांना विचारलं हिने, तुम्ही केस कशाने रंगवता म्हणून. गोळी द्याच."

नवरा म्हणाला, "तुम्ही ठरवाल ते."

नणंद म्हणाली, "वहिनीला विचारा ना."

"तिले काय विचारानं?" सासूबाई अहिराणीवर आल्या, म्हणजे चर्चा संपली. "ती दवाई शे, लुगडं नही."

तर सकाळी भाकरी खाऊन मी गोळी घेतली. तशी मी रोजच घेते. पाहुणे अकराला येणार होते. परसात आबांनी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून भरताची वांगी भाजायला घेतली. मी चौरंगासारखी शांत. सासूबाई माझ्याकडे बघून खूश.

अकराचे बारा झाले, बाराचे दोन. नानांचा फोन आला की धुळ्याला आत्याबाईंच्या एका मैत्रिणीकडे नुसता चहा घ्यायला थांबलोय. अहो, खान्देशात नुसता चहा म्हणजे काय ते मला सांगू नका! तिथे पंगत बसली असणार. पाहुणे आमच्या दारात आले तेव्हा उन्हं कलली होती आणि माझ्या गोळीचा अंमल सरला होता.

गोळी उतरते तेव्हा काय होतं सांगते. दिवसभर बाहेर ठेवलेले सगळे आवाज एकदम दार ढकलून आत येतात. आत्याबाईंच्या बांगड्या, नानांचं खाकरणं, पंख्याची कुरकुर. अंगावरची साडी टोचायला लागते. आणि भूक लागते. अशी भूक की वाढणाऱ्याच्या हाताकडे बघून डोळ्यांत पाणी यावं.

मी नणंदेला घेऊन आले, तिच्या शेजारी बसले, आग्रह करायचा तो केला, आणि मग माझ्यासमोर भरीत-पुरी आली. मी खाल्लं. मग आणखी खाल्लं. आग्रह करायच्या नादात आत्याबाईंसाठी आणलेल्या पुऱ्याही माझ्याच ताटात पडल्या. आबा आधी खूश होते, मग चिंतेत पडले.

"वहिनी सकाळपासून उपाशी होत्या वाटतं," आत्याबाई म्हणाल्या.

"सकाळच्या भाकरीनंतर हो," मी म्हटलं. "गोळी घेतली की भूक लागत नाही."

"कसली गोळी?"

"बीपीची," सासूबाई म्हणाल्या. "पित्ताची," आबा म्हणाले. "थायरॉइड," नवरा म्हणाला. तिघंही एकाच दमात.

आता कुणी चुकीचं बोललं आणि मला बरोबर माहीत असलं की मला राहवत नाही. मी काय करू? मी सगळं सांगितलं. दोन तलवारी, म्यान, ऑटिझम, गोळी, उसवलेली ब्लाऊजं. सासूबाई पदराने तोंड पुसत राहिल्या. आणि सांगताना माझं लक्ष आत्याबाईंच्या खांद्याकडे गेलं, तर तेही सांगून टाकलं. "तुमच्या ब्लाऊजची डावी बाही उजवीकडे लावलीय आणि उजवी डावीकडे."

आत्याबाईंनी हात वर केला, खाली केला. "अगं बाई! तरीच मेलं काखेत ओढतं!"

मुलगा मोठ्याने हसला. हसून झाल्यावर त्याने मला नीट विचारलं, "गोळी घेतली की बदलल्यासारखं वाटतं का?" मी म्हटलं, "नाही. डोक्यातला बाजार उठतो. मग मी आहे तशीच दिसते, जास्तच दिसते." तो मान हलवून विचार करत राहिला. मग तो आणि नणंद गच्चीवर बोलायला गेले आणि चहा निवला तरी खाली येईनात. तेव्हा मला तो आवडला.

दोन दिवस आमच्याकडे सण होता. नणंद भांडी घासताना गुणगुणत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी नानांचा फोन आला. आमच्याकडे फोन स्पीकरवर टाकून घराच्या मधोमध ठेवतात आणि घरात असतील ते सगळे भोवती बसतात. आबा तेवढे दूध आणायला गेले होते, नवरा कामावर.

"त्यासले बठ्ठं पसंत शे," नाना म्हणाले. सासूबाईंनी देवाकडे बघून हात जोडले. "एकच म्हणणं आहे आत्याबाईंचं. वहिनी मनाने चांगल्या आहेत. पण साखरपुड्याला, लग्नाला चार लोक असतात. तेव्हा वहिनींना गोळी देऊनच आणा. आणि जरा मागे बसवा."

"मुलाचं काय म्हणणं?" नणंदेने विचारलं.

"तो काय म्हणणार? आत्याच्या पुढे नाही जायचा."

नणंदेची मान खाली गेली. सासूबाई फोनकडे बघत होत्या. त्यांचं नाक लाल व्हायला लागलं, आणि ते लाल झालं की आम्ही सगळे भिंतीला टेकतो.

"नाना," त्या म्हणाल्या, "मन्ही सून काय लाऊडस्पीकर शे का? बटन दाबं का चालू, बटन दाबं का बंद?" आणि फोन बंद करून टाकला.

मी म्हटलं, "आई, परत लावा फोन. मी घेते की गोळी. रोज घेतेच. त्यात अट कसली आली?" मला खरंच कळत नव्हतं. फुकटात स्थळ जमत होतं.

"तू रोज तुझ्यासाठी घेतेस, वहिनी," नणंद म्हणाली. "ते त्यांच्यासाठी द्यायला सांगताहेत."

हे माझ्या डोक्यात उतरायला वेळ लागला. उतरलं तेव्हा संताप आला, आधी आत्याबाईंचा, मग त्या गच्चीवरच्या मुलाचा. "असा कसा गप्प बसला तो?" मी ओरडले. "त्याच्या बाह्या मी उलट्या लावीन!"

कुणी हसलं नाही. नणंद म्हणाली, "आई, मला आवडला होता गं तो."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पार मोडला. "माले बी आवडना व्हता," त्या म्हणाल्या.

मलाही आवडला होता. मी तसं म्हटलं. मग आम्ही तिघी त्या बंद फोनभोवती बसून ढसाढसा रडलो.

आबा तेवढ्यात दूध घेऊन आले. आमचा तिघींचा आवाज ऐकून पिशवी दारातच ठेवली आणि टोपी काढली. "काय व्हयनं?" त्यांनी हळूच विचारलं. "कोन गया?"

सासूबाईंनी नाक पुसलं.

"जवाई," त्या म्हणाल्या.