पडवीतली चटई

माफ करा, मंदाचं वर्षश्राद्ध सोमवारी झालं आणि मी आज लिहितोय. रोज टाईप करून खोडत होतो.

माझी बायको पोटाच्या आजाराने गेली नाही.

सगळ्यांना आम्ही तसंच सांगितलं. तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता.

पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मग एकदा परत रक्त दिसलं.

तिने माळ्यावरची जुनी चटई काढली आणि पडवीत बाहेर बसली. देवाला शिवायचं नाही, गॅसपाशी यायचं नाही. आमच्याकडे रीतच तशी.

मी भात केला आणि ताट लांबून सरकवलं.

घोलवडला चिकूच्या वाडीत ती पॅकिंगला जायची. तिथल्या बायका म्हणाल्या, "काय गो मंदे, नातवंडं झाली नि परत तरुण झालीस?"

तीपण हसली.

मग ते वरचेवर होऊ लागलं. दर वेळी चटई. विटाळ पाळला, डॉक्टर कुणाला सुचला नाही.

शेवटी चक्कर येऊन पडली तेव्हा डहाणूला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "संबंधानंतर रक्त जायचं का?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो.

मंदा म्हणाली, "ह्यांना बाहेर पाठवा, मग सांगते."

एवढा संसार केला आम्ही.

परत आत बोलावलं तेव्हा बाई म्हणाल्या, "आजोबा, गेलेली पाळी परत येत नसते. ते आजाराचं रक्त होतं. फार उशीर केलात."

परवा तलासरीहून जावयांचा फोन आला. सहज बोलून गेले, "ती बाहेर बसलीय, मामा. या महिन्यात दुसऱ्यांदा."

तेव्हापासून झोप नाही.

मुलीला विचारलं तर म्हणाली, "बाबा, असलं कुणी मुलीशी बोलतं का?" आणि फोन कट. आता उचलतच नाही.

नाव लिहीत नाही, रागावशील. पण माझ्या पोस्ट तू बघतेस, लाईक येतो तुझा.

बाळा, चटई गुंडाळून ठेव आणि दवाखान्यात जा. मी सोबत येतो. आत जे सांगायचं ते सांग, मी बाहेर बसेन.

मंदा, तुला हात जोडतो. पोरीला तेवढं सांभाळ.

आणि तू, कधी जाऊया ते कळव. आजच कळव.