डावं कोपर

खारबावजवळ आमची चार एकर भातशेती होती. ऐंशीच्या सालांत सासूबाईंना चालवेनासं झालं आणि लावणीच्या वेळी बांधावर उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. मी चौथी शिकलेली. पण त्या कामाला शिक्षण लागत नव्हतं. छत्री आणि आवाज लागत होता.

लावणी करणारी बाई दिवसभर कमरेत वाकलेली असते. डाव्या हातात रोपांची मूठ धरायची, उजव्या हातानं दोन-तीन काड्या चिखलात खोवायच्या आणि एकेक पाऊल मागे सरकायचं. दमली की ती डावं कोपर गुडघ्यावर टेकते. तेवढाच कमरेवरचा भार उतरतो. सासूबाईंना ते खपत नसे. कोपर टेकलं की हात मंदावतो, असं त्या म्हणायच्या. म्हणून आमच्या शेतात बांधावरून ओरडायची रीत होती, "कोपर!" बाई ओणव्यानंच कोपर उचलायची. शेजारच्या शेतांत असं कोणी करत नव्हतं. मला ती आमच्या घरची शिस्त वाटायची.

पाड्यावरून सात-आठ बायका यायच्या. त्यांत एक फार उंच होती, माझ्याच वयाची. उंच बाईला जमीन लांब. ती सगळ्यांत जास्त वाकायची आणि तिचंच कोपर आधी टेकायचं. माझा निम्मा ओरडा तिच्यावर जायचा. डोक्या-पाठीवर पावसाचं इरलं असल्यानं तिचं तोंड दिसत नसे. कोपर तेवढं दिसायचं. मला ते बरंच होतं.

एकदा दुपारी भाकरी खाताना ती म्हणाली, "वहिनी, उद्यापासून कोपर कापून घरीच ठेवून येऊ काय?"

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. "तोंड चालतंय तेवढा हात चालव," म्हणाले.

पुढे पाड्यावरच्या पोरी भिवंडीत लूमवर सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागल्या. एका वर्षी लावणीला चारच बायका आल्या. रोपं पिवळी पडत चालली होती. मी साडी खोचली आणि त्या उंच बाईच्या शेजारी चिखलात उतरले. अर्धं खाचरही झालं नव्हतं तोवर कमरेत कळ आली, ती सोसवेना. माझं कोपर गुडघ्यावर कधी गेलं, मला कळलंच नाही. तिला कळलं.

"कोपर!" ती ओरडली. हुबेहूब माझा आवाज.

बाकीच्या तिघी हसून चिखलात बसायच्या राहिल्या. मग तीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वहिनी, टेका. आज बांधावर कोन हाय बघायला?" आणि तिनंही टेकलं.

त्या दिवशी आम्ही पाचही जणींनी कोपरं टेकून लावणी केली. दिवस मावळायच्या आत खाचर पुरं झालं. हात काही मंदावला नव्हता. हे मला त्याच दिवशी समजलं.

पुढच्या वर्षी बायका पुरेशा मिळाल्या. मी परत बांधावर चढले आणि परत ओरडले. सासूबाई तोवर वारल्या होत्या, त्यांच्यावर ढकलायचीही सोय नाही. गप्प राहिले असते तर इतकी वर्षं उगाच ओरडले, हे सगळ्यांसमोर कबूल केल्यासारखं झालं असतं. तेवढ्यासाठी मी त्यांच्या कमरा मोडल्या. उंच बाईनं एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कोपर उचललं. त्यानंतर पाच-सहा पावसाळे ती येत होती आणि मी ओरडत होते.

मग जमीन गोदामासाठी विकली. नव्वदची सालं सरत आली तेव्हा माझीच कंबर धरली, म्हणून वज्रेश्वरीला गरम कुंडावर गेले. पायरीवर एक बाई पाण्यात पाय सोडून बसली होती, इतकी वाकलेली की छाती मांडीला लागत होती. मला ती म्हातारी वाटली. डावं कोपर गुडघ्यावर टेकलेलं दिसलं तेव्हा ओळखलं.

तिनं मान तिरकी करून वर पाहिलं. "वहिनी, तुमी? बसा, पानी चांगलं हाय."

बोलता बोलता तिनं कोपर उचललं.

"टेक गो," एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं नाही. मी पाण्यात पाय सोडले आणि पाणी फार कढत आहे म्हणाले.

"व्हईल सवय," ती म्हणाली. कोपर तसंच अधांतरी होतं.