लेख माझा, अक्षर किसनचं

आजपर्यंत कुणालाच न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखी राहूनच जाईल. ज्या लेखापायी किसन साळवे दीड वर्ष मिसाखाली तुरुंगात होता, तो लेख त्याचा नव्हता. तो मी लिहिला होता. माझ्या बायकोलाही हे आता, ती हा मजकूर वाचेल तेव्हाच कळेल.

किसन गेला त्याला पाच आठवडे झाले. जालन्याहून येणाऱ्या दुपारच्या एसटीच्या कंडक्टरनं शाळेच्या फाटकाशी मला पाहून गाडी हळू करायला लावली आणि दारातून ओरडून सांगितलं, "सर, साळवे गुरुजी गेले हो. दवाखान्यातच." गाडी पुढं गेली. मी नववीच्या वर्गात परत गेलो आणि राहिलेला धडा पुरा केला. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आता ही गोष्ट ठाऊक असलेला माणूस उरला नाही... त्या विचाराची लाज अजून जात नाही.

किसन हसनाबादचा. छप्पन साली त्याच्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा तो शाळकरी होता. पुढं प्राथमिक शिक्षक होऊन आमच्या तालुक्याच्या गावी आला. मी इथल्याच, बऱ्यापैकी शेती असलेल्या घरातला. हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. आमची दोस्ती जमली ती वाचनालयात. वाचनालय दर दिवाळीला एक हस्तलिखित काढायचं. गावातल्या हौशी लोकांचे लेख, कविता, पाककृती. छापण्याची ऐपत नाही म्हणून हातानं लिहिलेला एकच अंक, वर्षभर टेबलावर मांडून ठेवलेला. लिहिणारे दहा-बारा जण, पण ते सगळं सुवाच्य उतरवून काढायचा एकटा किसन. तसं अक्षर पंचक्रोशीत दुसरं नव्हतं. लग्नपत्रिकांवरची नावं, विहाराची पाटी, म्हाताऱ्यांचे अर्ज, सगळं लोक त्याच्याकडूनच लिहून घेत.

एकाहत्तर साली अंतर्गत सुरक्षेचा तो कायदा, म्हणजे मिसा, आला आणि मी त्यावर चार पानं लिहिली. माणसाला खटल्याशिवाय आत ठेवता येणार, दिल्लीचा एवढा मोठा अधिकार उद्या आपल्या गावच्या चौकीपर्यंत उतरणार, आणि ज्याला धरलं त्यानं दाद मागायची कुठं, असा सगळा सूर. खाली टोपणनाव घातलं, 'वाटसरू'. नाव झाकण्याइतका भित्रा मी तेव्हाही होतो. किसनला तर तो लेख पटलाच नव्हता. उतरवता उतरवता मान वर करून म्हणाला,

"नाना, तू लई भेव दाखवून राह्यला लोकांना. लढाई तोंडावर आलीय. हेर धरायचे तर कायदा कडक पाह्यजे का न्हाई?"

"आज हेर. उद्या मास्तर."

"मास्तरला धरून सरकारला काय भेटंल? खडू?"

आम्ही दोघं हसलो. पटत नसतानाही त्यानं माझा एक शब्द बदलला नाही. उलट एक वाक्य माझ्याकडून अर्धवट राहिलं होतं, ते विचारून घेऊन पुरं केलं.

वर्ष सरल्यावर तो अंक टेबलावरून कपाटात गेला आणि तिथंच पडून राहिला. पंचाहत्तर साली आणीबाणी आली आणि श्रावणातल्या एका दुपारी फौजदार वाचनालयात आले. माणूस काही दुष्ट नव्हता. वरून नावं मागितली होती, तालुक्यातून कुणीतरी जायलाच हवं होतं. अंकाबद्दल त्यांना कुणी सांगितलं ते कळलं नाही. टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला किसन. त्यांनी पान उघडलं आणि विचारलं, "हा वाटसरू कोण?" मग त्यांनीच अक्षर निरखलं. "हे तर साळवे गुरुजींचं. आमच्या पोरीच्या पत्रिका तुम्हीच लिहिल्या होत्या की हो."

"अक्षर माझंच हाय, साहेब," किसन म्हणाला. एवढंच. जे खरं होतं तेवढंच. सगळा अंक त्याच अक्षरात होता. फौजदारांनी पुढचं पान उलटलं असतं तरी कळलं असतं. त्यांनी उलटलं नाही. मला बोलायला पुष्कळ वेळ होता. ते पाणी प्यायले, टोपी घातली, किसननं चष्मा पुसून डब्यात ठेवला... मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलोय. ते खोटं आहे. आणि फौजदारांना शंका आली नाही ती काही नुसत्या अक्षरामुळं नाही. आमच्या घराकडं असल्या कामासाठी पोलीस येत नसत. साळव्यांच्या पोरानं सरकारविरुद्ध लिहिलं, हे मात्र गावाला चटकन पटलं. त्या पटण्याच्या आड मी उभा राहिलो.

याहून वाईट पुढं आहे. किसन निलंबित झाला. त्याची बायको वच्छलाबाई रोजानं कापूस वेचायला जाऊ लागली. दिवाळीनंतर ती माझ्या दारात आली. "नाना, तुमाला इंग्रजी येतं. त्यांना सोडा म्हणून सरकारला अर्ज लिहून द्या." मी दोन पानी अर्ज लिहिला. चांगला लिहिला. किसनची नोकरी, वागणूक, लहान लेकरं, सगळं घातलं. ज्या एका ओळीनं तो सुटला असता ती ओळ सोडून सगळं. तिनं खाली अंगठा उठवला, आणि जाताना म्हणाली, "तुमचे लई उपकार झाले."

सत्त्याहत्तर साली तो सुटून आला तो दमा घेऊन. वाचनालयाची पायरी चढून धाप टाकत बसला आणि मलाच म्हणाला, "काय रं, बारीक झाला की! आत मी व्हतो का तू?" मी कसंबसं सुरू केलं, "किसन, मी..." त्यानं हात वर केला. "वच्छलानं नक्कल आणून दिली व्हती, अर्ज वाचला तुझा. आत सगळ्यांना वाचून दाखवला. इंग्रजी एकदम फर्स्ट क्लास." मग म्हणाला, "एक ओळ राह्यली तेवढी."

"मग तू का नाही सांगितलंस त्यांना?"

"मी सांगितलं असतं तर ती चुगली झाली असती, नाना. सांगायचं काम तुझं व्हतं." मग वर्तमानपत्र पुढं ओढून म्हणाला, "पण लेख बराबर व्हता तुझा. बिलकुल बराबर. मीच येडा."

त्यानंतर दोन वर्षं आम्ही रोज शेजारी बसलो, पाऊसपाण्याचं बोललो. या विषयावर तो पुन्हा एक शब्द बोलला नाही, आणि मी त्याच्या न बोलण्याचा फायदा घेतला. हस्तलिखित काही पुन्हा निघालं नाही. आता त्या टेबलाशी कुणी बसायला आलं की मी उठून घरी येतो.

किसनच्या मागं झालेल्या जलदानविधीच्या दिवशी वच्छलाबाई माझ्याजवळ येऊन बसली. कामावर परत घेतलं तरी 'आक्षेपार्ह लेखन' हा शेरा किसनच्या सेवापुस्तकात तसाच आहे, निलंबनाचा काळ नोकरीत धरलेला नाही आणि त्यापायी तिच्या पेन्शनचे कागद अडलेत. "तुमीच काहीतरी लिहून द्या," ती म्हणाली. मी मानेनं हो म्हटलं.

हे आता छापून येईल, पण वच्छलाबाईला वाचता येत नाही, आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीतल्या मजकुरानं खात्यातला शेरा निघत नाही. तेव्हा मी देणं लागतो ते एवढं: तो लेख माझा होता असा माझ्या सहीचा अर्ज खात्याला, आणि तेच वाक्य तिच्यासमोर बसून, तोंडानं. दोन्ही अजून दिलेलं नाही.