चाफ्याला जमीन

माजिवड्याच्या कलावती म्हात्रे यांना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांची सून शिवानी म्हणते. हे काही खरं नाही. कारण असतंच, फक्त ते कधीकधी वीस वर्षं जुनं असतं. त्या सोमवारी मात्र कारण ताजं होतं आणि गॅलरीत, अर्ध्यात कापलेल्या निळ्या पिंपात उभं होतं. छातीएवढा वाढलेला सोनचाफा, अर्धी पानं पिवळी, उरलेल्यांच्या कडा करपलेल्या.

"मरायचं असंल तर मर एकदाचा, मना छळू नको," कलावतीबाई त्याला म्हणाल्या आणि त्याला तांब्याभर पाणी घातलं.

समोरच्या मेघनाने चहाचा चोथा घालायला सांगितलं होतं, तो घालून झाला. शिवानीने मोबाईलवर बघून कुठलीशी पावडर मागवली, तीही घालून झाली. चाफा ढिम्म. शेवटी हायवेच्या कडेच्या नर्सरीतला रामा येऊन बघून गेला. त्याने पिंप तिरकं केलं. बुडाच्या भोकांतून मुळं बाहेर आली होती आणि काळी पडली होती.

"मावशी, मुळांना जागाच नाही. आतल्या आत गोल फिरतायत," रामा म्हणाला. "मोठ्या कुंडीत घातलंत तर वर्ष-दोन वर्षं काढेल. पण चाफ्याला जमीन लागते. हलवताना मुळं दुखावली तर जागेवर मान टाकेल, तेही सांगून ठेवतो. कुंडी की जमीन, ते ठरवा. आणि श्रावण सरायच्या आत ठरवा."

म्हणायला सोपं आहे. जमीन कुठली आणायची? बिल्डिंगच्या खाली सगळे पेव्हर ब्लॉक, त्याखाली पाण्याची टाकी. चेअरमनने तर पूर्ण ऐकूनही घेतलं नाही, नुसता हात हलवला. कलावतीबाईंनी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुळात ही बाई शेतकऱ्याची. शहाडला उल्हास नदीच्या अंगाला भोईरांची भातशेती होती. कलावती थोरली, तिच्या पाठीवर परशुराम. नवव्या वर्षापासून ती चिखलात वाकून आवण, म्हणजे भाताची रोपं, लावायची. लग्न होऊन माजिवड्याला आली. नवरा मारुती ज्या कंपनीत होता ती बंद पडली, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि हिने नाक्यावर भाजीची टोपली मांडली. बावीस वर्षं. एकदा टोपली उचलून पालिकेच्या गाडीत टाकणाऱ्या माणसाचं मनगट धरून तिने त्याला त्याच्या आईचं नाव विचारलं होतं. त्याने टोपली परत ठेवली. मारुती गेला, मुलगा संदेश कमावता झाला, तेव्हा कुठे टोपली सुटली.

एवढ्या तिखट तोंडाची बाई, पण माहेरी तिने तोंड कधी उघडलं नाही. बारा वर्षांपूर्वी बाप गेला. महिनाभरात परशुराम हक्कसोडीचे कागद घेऊन आला. त्यांच्यात बहीण हिस्सा मागत नाही. मागितला की माहेर तुटतं, भाऊबीजेचं बोलावणं थांबतं, पोरांच्या लग्नात मामा उभा राहत नाही. कलावतीबाईंनी कल्याणच्या कचेरीत जाऊन, एक ओळ न वाचता, सही केली. भावाने हिरवी साडी आणि नारळ दिला. साडीचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. तेव्हाही त्या काही बोलल्या नाहीत.

पुढे भोईरांचं जुनं घर पाडून तिथे टॉवर उभा राहिला. घरापुढचा आईने लावलेला चाफा तोडणार, हे कळल्यावर कलावतीबाई धावत गेल्या. झाड वाचणार नव्हतं. त्याच्या बुडाशी उगवलेलं वीतभर रोप त्यांनी उलथन्याने काढलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन घरी आणलं. माहेरचं म्हणून त्यांच्याकडे तेवढंच होतं. ते आता पिंपात गुदमरत होतं.

बुधवारी त्यांनी अभिमान गिळून भावाला फोन केला. टॉवरमागे जुनी विहीर आहे, तिच्या बाजूला लावू का, म्हणून विचारलं.

"विचारतेस काय बाय, रविवारी ये ना," परशुराम म्हणाला. "जेवायलाच ये. झाड पण घेऊन ये."

कलावतीबाई विरघळल्या. शनिवारी दिवसभर त्या कुणावर खेकसल्या नाहीत, तेव्हा संदेशने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

रविवारी छोट्या टेम्पोत पिंप चढवलं, ते धरायला मागे शिवानी बसली. शहाडला पोचल्यावर कलावतीबाई आधी विहिरीकडे गेल्या. विहीर आणि तिच्याभोवतीचा तुकडा होता तसा होता, कारण विहिरीत सात आसरा. पाण्याच्या त्या देवींची जागा कागदावर घ्यायची नसते, घेतली तर घरातला कर्ता माणूस जातो, असं भोईर पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. म्हणून परशुरामने हक्कसोडीतूनही तो तुकडा वगळला होता. माती काळीशार, मऊ. कलावतीबाईंनी मूठभर उचलून हुंगली.

वर टॉवरमध्ये, परशुरामच्या घरी जेवण झकास होतं. अळूवड्या, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी. हात धुऊन झाले तसा परशुरामचा मुलगा मयूर फाईल घेऊन आला.

"आत्या, इथे सही. आणि मागच्या पानावर."

"कसली?"

"फॉर्मॅलिटी. विहिरीचा तुकडा राहून गेलेला. आजोबांनंतर सातबारावर तुमचं पण नाव लागलंय ना, ते अजून आहे. बिल्डरला पार्किंग पाहिजे, विहीर बुजवायचीय."

कलावतीबाईंनी भावाकडे बघितलं. तो बडीशेप निवडत होता.

"आणि आसरा?"

"पूजा घालून हलवता येतात. विचारलंय मी," परशुराम म्हणाला.

"आणि झाड?"

"लॉबीत ठेवू ना. मोठी चिनी मातीची कुंडी घेऊ, एसी हाय. मस्त राहील."

म्हणजे देवींनाही कुंडी आणि चाफ्यालाही कुंडी. कलावतीबाईंच्या सगळं ध्यानात आलं आणि त्यांना राग चढला. बारा वर्षं आपलं नाव त्या मातीवर आहे, आणि आपण एका खड्ड्यासाठी चेअरमनपुढे गेलो, भावापुढे आवाज बारीक केला. भावाला ठाऊक होतं. अळूवड्या वाढताना ठाऊक होतं. या रागात त्यांचा स्वतःवरचा राग मोठा होता, कारण न वाचता सही करणारा हात त्यांचाच होता.

त्या उठल्या. "शिवानी, चल. टेम्पोवाल्याला पिंप उतरवायला सांग."

विहिरीपाशी माळ्याची कुदळ आणि कोयता पडलेला होता. वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांनी गुडघाभर खड्डा खणला, कुणाला हात लावू दिला नाही. मग कोयत्याने पिंप उभं चिरलं. मुळांचा गोळा पिंपाच्याच आकाराचा झाला होता. मेलेली काळी मुळं तेवढी त्यांनी छाटली, बाकीचा गोळा न फोडता दोघींनी उचलून खड्ड्यात ठेवला. माती लोटली, पायाने दाबली, विहिरीचं पाणी ओतलं.

परशुराम मागे येऊन उभा होता. "बाय, सही केली नायस तर माहेर तुटंल, बघ."

"तुला माहेर काय ते ठावं तरी हाय का?" त्या वळून म्हणाल्या. "आयेचं झाड तोडलंस, मी गप. घर पाडलंस, मी गप. माहेर राहावं म्हणून मी सगळं तुला दिलं, आणि तू ते विकून मोकळा झालास. आता तुटायला काय उरलंय रं? उद्या हे झाड कुणी उपटलं ना परशा, तर सातबारा घेऊन मी पोलिसात जाईन. भाऊ म्हणून बघणार नाय."

मयूरने फाईल मिटली.

निघताना भावजय दारात आली नाही. एरवी ती पिशवीत मूठभर तांदूळ आणि नारळ घालायची. माहेरवाशीण रिकाम्या हाताने जात नाही. त्या दिवशी पिशवी रिकामी होती. टेम्पो रस्त्याला लागला तशा कलावतीबाई रडायला लागल्या, संतापाने, ओठ घट्ट मिटून, नखांतली माती तशीच. कल्याण आल्यावर शिवानी हळूच म्हणाली, "आई, मुळं बरीच तुटली. जगेल का तो?"

"मना ठावं नाय," कलावतीबाई म्हणाल्या. "मेला तर त्याच खड्ड्यात दुसरा लावीन. जागा माझी हाय."