तिसऱ्या बेसवरचं पाणी

माझ्या एका वाक्यामुळे मुलीच्या शाळेचा बेसबॉल संघ जिल्ह्याबाहेर खेळायला जाऊ शकला नाही. वाक्य बातमीत शोभावं इतकं छोटं आणि ठाम होतं.

थंडीतली दुपार. मैदानावर ऊन दुलईसारखं पसरलेलं. कडुलिंबाखाली मी आणि कुंभारीहून आलेली माझी आत्या. तिच्या शेंगापोळ्या पोटात गेल्यापासून खेळ मला पाण्याखाली चालल्यासारखा दिसत होता. पोरी तरंगत होत्या. ओरडा फार लांबून येत होता.

माझी गौरी आमच्या समोरच, तिसऱ्या बेसवर पाय टेकवून उभी. पाय बेसवर असेतो तिला बाद करता येत नाही. जिल्ह्याचा अंतिम सामना, आमची शेवटची पाळी, दोघी बाद; तिसरी बाद झाली की पाळी संपली. गौरी धावत होमला, म्हणजे शेवटच्या बेसला, पोचली तर बरोबरी. बाद झाली तर सामना मोहोळच्या शाळेचा.

"पोरगी वाळली की रं उन्हात," आत्या म्हणाली. "पाणी दे तिला."

"खेळ चालू आहे, आत्या."

"कुटं चालू हाय? समद्या हुब्या हायत की!"

खरंच! गौरीशेजारी उभी मोहोळची पोरगी हातातला चेंडू निवांत पुसत होती. क्रिकेटमध्ये असा हातात विसावलेला चेंडू 'डेड', हे मला झोपेतही माहीत होतं. (आणि मी साधारण तिथंच होतो!)

"गौरी, बॉल डेड झालाय! ये, पाणी पी."

"नक्की ना, पप्पा?"

"अगं, पेपरात खेळाचं पान मीच बघतो!"

गौरीनं बेस सोडला. मोहोळची पोरगी मागून आली आणि झोपलेल्या बाळाला थोपटावं तसा चेंडू तिच्या पाठीला लावला.

"आउट!" पंच ओरडले. सामना संपला.

मी पाण्याच्या तांब्यासकट धावलो. "अहो, बॉल डेड होता!"

"मी 'टाइम' म्हणून खेळ थांबवला का? मी म्हणत नाही तोवर बॉल चालूच, मग तो हातात का असेना! मागितला असता तर दिला असता की टाइम!"

"त्यो पेपरात असतो," आत्यानं पंचांना बजावलं. तिच्या मते ती माझी बाजू घेत होती.

स्कूटरवर मागे गौरी. संध्याकाळ केशरी, रस्ता स्वप्नातल्यासारखा मऊ. अर्ध्या वाटेत मागून आवाज आला.

"पप्पा, पुढच्या वर्षी मॅचला याल ना?"

"येणार म्हणजे काय! नक्की येणार!"

"या. फक्त मोहोळच्या पालकांत बसा. त्यांच्या पोरींना नियम समजावून सांगा."