विहीरवाले सर

सरांच्या हातात कुणी पाण्याचा तांब्या दिला की ते आधी विचारायचे, "कुठल्या विहिरीचं?" नवख्या गावात या प्रश्नाचा भलताच अर्थ निघायचा. एकदा चाकूरजवळच्या एका गावात घरमालकानं तांब्या परत घ्यायला हात पुढं केला. "आमच्या घरचं चालत नसंल तर ऱ्हाऊ द्या," म्हणाला. सर इतके ओशाळले की तो तांब्या त्यांनी उभ्यानंच घटाघटा रिकामा केला, अजून एक मागून घेतला आणि मग म्हणाले, "तसं न्हाई हो मालक. मला ती विहीर बघायची हाय." त्यानंतर मात्र ते आधी पाणी प्यायचे आणि मग विचारायचे. कॉलेजात आम्ही त्यांना विहीरवाले सर म्हणायचो.

कृषी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला 'विशेष विषय' असायचा. त्याला ठरलेला अभ्यासक्रम नव्हता. ज्या प्राध्यापकाला जे शिकवावंसं वाटेल ते त्यानं शिकवायचं. कुणी ठिबक सिंचन लावलं, कुणी धान्याची कोठारं. आमच्या सरांनी फळ्यावर लिहिलं, 'दुष्काळातली विहीर'. नाव घातलं आम्ही तिघांनी. इतर दोघं शेतकऱ्यांची मुलं होती. मी मुदखेडचा, वडील रेल्वेत, नळाचं पाणी पिऊन वाढलेला. या विषयाला लेखी परीक्षा नाही असं कळलं, म्हणून मी नाव घातलं. दुसरं काही कारण नव्हतं.

सर नायगावकडचे. वर्गातही घरच्यासारखंच बोलायचे. "काय लिहून राहिलास? वही मिट, बाहेर चल." कॉलेजच्या मळ्यातल्या विहिरीवर नेऊन त्यांनी आम्हाला पोलादी टेपला खडू फासायला शिकवलं. टेप खाली सोडायचा, वर ओढायचा, खडू कुठवर भिजला ते बघायचं. त्यावरून पाणी किती खोल गेलं ते कळतं. एवढ्यावर आम्ही खूश. पण सर म्हणायचे, "आकडा मागून लिहा. आधी वाकून बघा. तळ दिसतो का, झरा कुठून येऊन राहिला, बाया कुठं उभ्या ऱ्हाऊन शेंदतात, समदं बघा." ते स्वतः कठड्यावर पोट टेकवून इतके वाकायचे की आमच्यातला एक जण न सांगता त्यांचा पट्टा मागून धरून ठेवायचा.

ते वर्ष सलग दुसऱ्या दुष्काळाचं होतं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि नव्या कचेऱ्यांना सगळ्याच गोष्टींची माहिती हवी होती. सरांनी आम्हाला एकेक गाव वाटून दिलं. माझ्या वाट्याला चाकूरजवळचं तेच गाव आलं, अकरा विहिरींचं. दर रविवारी नांदेडहून लातूरच्या एसटीनं जायचं, चाकूरला उतरायचं, पुढं चालत.

पहिले चार रविवार मी मोजलं. अकरांतली सगळ्यात चांगली विहीर शिवकांताबाईंची. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आवाज खणखणीत. नवरा वारलेला, दोन म्हशी आणि लिंबाची पंचवीस-तीस झाडं त्या विहिरीवर तगली होती. मी टेप गुंडाळत असलो की त्या ताकाचा गडवा आणून ठेवायच्या. "पी लेकरा. ऊन लई हाय. आन आमचं पाणी कमी हाय का लई, ते खरं खरं लिव्ह."

पाचव्या रविवारी मी चाकूरला उतरलोच नाही. लातूरला एक मित्र खोली घेऊन राहत होता. नवा जिल्हा म्हणजे गावात रोज काहीतरी नवं. आम्ही दिवसभर हिंडलो, दुपारचा सिनेमा पाहिला. परतीच्या एसटीत मी वही काढली आणि मागच्या आकड्यांवरून अंदाजानं अकरा आकडे भरले. जमलं. मग पुढचे चार रविवारही तसंच केलं. खरं वाटावं म्हणून वहीच्या पानांना खडूचे हातही लावले.

त्याच सुमारास नव्या कचेरीनं सरांकडे माहिती मागितली. ज्या गावात एखाद्या विहिरीला पुरेसं पाणी असेल तिथली विहीर गावासाठी ताब्यात घ्यायची आणि टँकर दुसरीकडे पाठवायचा, असं ठरलं होतं. सरांनी तिघांच्या वह्यांवरून कागद तयार केला आणि खाली स्वतःची सही केली. माझ्या वहीत शिवकांताबाईंच्या विहिरीला दीड पुरुष, म्हणजे माणूस बुडेल इतकं पाणी होतं. प्रत्यक्षात ते गुडघ्याइतकंही उरलं नव्हतं.

टँकर बंद झाला. सगळं गाव त्या एका विहिरीवर आलं आणि तिचा दोन दिवसांत चिखल झाला. तीन आठवडे बाया शेजारच्या गावाहून पाणी आणत होत्या. शिवकांताबाई तळाचा गाळ उपसायला स्वतः पायऱ्या उतरल्या, घसरल्या आणि त्यांचा पाय मोडला. लिंबं वाळली.

गावाचा तक्रार अर्ज आला तेव्हा सर कुणाला काही न बोलता टेप घेऊन एकटे जाऊन आले. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. टेबलावर माझी वही उघडी होती. मला वाटलं, आता ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "उद्या लातूरला बैठक हाय. वही घेऊन माझ्यासंगं चल."

एसटीत सर खिडकीशी आणि मी शेजारी. अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. ते अधूनमधून माझ्याकडं बघायचे, पुन्हा बाहेर बघायचे. मी वही मांडीवर धरून बसलो होतो.

बैठकीत कचेरीतल्या साहेबानं कागद वर धरून विचारलं, "हे आकडे कुणाचे?"

"माझे," सर उभं राहून म्हणाले.

"स्वतः मोजले, की पोरांवर सोडून दिलं?"

सरांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मागच्या ओळीत मी मान खाली घातली. मग त्यांचा आवाज ऐकू आला. "सही माझी हाय. चूक माझी हाय. आजच्या आज टँकर सुरू करा."

कुणीतरी हसलं. "प्राध्यापकांनी फळ्यावरच विहिरी खणाव्यात," असंही कुणीतरी बोललं. मी तरीही उठलो नाही.

पुढच्या वर्षी 'दुष्काळातली विहीर' विशेष विषयांच्या यादीतून गेली आणि सरांना यंत्रांच्या आकृत्या शिकवायला दिल्या. मला त्यांनी उत्तीर्ण केलं. फक्त परीक्षा झाल्यावर ते पाच रविवार पुन्हा मोजायला लावले. मी मोजले. शिवकांताबाईंच्या विहिरीवर मात्र त्या घरात असतील अशा वेळी जाऊन, पाच मिनिटांत टेप गुंडाळून निघायचो.

पुढं मला पाण्याच्याच खात्यात नोकरी लागली. नव्या अभियंत्यांना मी सांगायचो, "आकडा मागून लिहा, आधी वाकून बघा." ते माझंच वाक्य आहे असं त्यांना वाटायचं. मीही कधी दुरुस्त केलं नाही.

सर निवृत्त होऊन नायगावला राहायला गेले. फार वर्षांनी मी त्यांना भेटलो. अंगणात बाजेवर बसले होते, खूप वाळले होते. पोह्यांची बशी हातात तशीच धरून मी सगळं सांगून टाकलं: सिनेमा, एसटी, खडूचे हात.

"मला वाटलं, तू एसटीत बोलशील," ते म्हणाले. "मग वाटलं बैठकीत बोलशील. मग वाटलं, त्या पाच रविवारात तरी. मग मी वाट बघायचं सोडलं." त्यांनी विचारलं, "त्या बाईला सांगितलंस?"

"नाही सर."

"मग मला सांगून काय? मला तर ठाऊकच व्हतं."

जातो म्हणालो. गेलो नाही. कधी काम होतं, कधी बदली होती. खरं म्हणजे भीती होती. दोन वर्षांनी सर गेले. नायगावला जाऊन आलो आणि त्याच आठवड्यात चाकूरला उतरलो.

शिवकांताबाई ओसरीवर बसल्या होत्या. नजर कमी झाली होती, मोडलेला पाय लांब पसरलेला. मला त्यांनी ओळखलं नाही. सरांचं नाव काढताच मात्र त्यांचा आवाज पहिल्यासारखा खणखणला. "तो व्हय? त्यानंच आमचा टँकर बंद केला व्हता. तिथं कॉलेजात बसल्या जाग्यावरून आकडे लिवले मेल्यानं. कॉलेजातून कुणी आलं की मी सांगत असते, त्याचं नाव माझ्या दारात घेऊ नका."

मी जमिनीवर बसलो आणि सांगितलं. ते आकडे कुणी लिहिले, कुठं बसून लिहिले, ताक कोण प्यायचं, सगळं.

त्या पायावरून हात फिरवत राहिल्या. मला वाटलं, आता मला बोलतील. मी त्याचसाठी आलो होतो.

"कुठं असतात ते सर?" त्यांनी विचारलं.

"गेले. चार दिवस झाले."

"गेले," त्या म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "अन् इतकी वर्सं मी त्या मानसाला शिव्या दिल्या, त्याचं आता मी काय करू?"